तेहरानमध्ये नापास, न्यूयॉर्कमध्ये हिरो: सर अँथनी पार्सन्स नावाचा डिप्लोमॅट

यूपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलंय की सिनियर ब्रिटिश डिप्लोमॅटचं करिअर नेमकं असतं कसं, सूट, पार्ट्या आणि भाषणं सोडली तर ही माणसं दिवसभर करतात काय, आणि ज्या सर अँथनी पार्सन्सला इराणची क्रांती दारात येईपर्यंत दिसली नाही तोच माणूस तीन वर्षांनी फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धाच्या वेळी ब्रिटनचा हिरो कसा काय झाला, हे नशीब म्हणायचं की अजून काही, आणि असं व्हायला ऑक्सफर्ड लागतं का.

नशीब थोडंफार असतंच. पण मी सगळी नोकरी भारतीय परराष्ट्र सेवेत काढली, त्यातला बराच काळ आखातात आणि काही काळ यूएनच्या कामात, त्यामुळे या माणसाबद्दल माझं एक ठाम मत आहे ते आधीच सांगून टाकतो. पार्सन्स दोन्हीकडे एकाच पद्धतीने वागला. माणसाच्या जवळ जायचं, त्याचा विश्वास मिळवायचा, त्याला काय हवंय आणि कशाची भीती आहे ते ओळखायचं. राजदूत म्हणून तेहरानमध्ये त्याने हे एकाच माणसाबरोबर, इराणच्या शहाबरोबर (म्हणजे तिथल्या राजाबरोबर) केलं आणि न्यूयॉर्कमध्ये यूएनच्या सिक्युरिटी कौन्सिलच्या सगळ्या टेबलाबरोबर केलं, फरक पडला तो तिथे.

आता सुरुवातीपासून. जन्म १९२२, लंडन. शाळा कँटरबरीची किंग्ज स्कूल, मग ऑक्सफर्डचं बेलियल कॉलेज. आता हे वाचून तू म्हणशील झालं, ठरलेला रस्ता. पण तसं नाहीये. मधे दुसरं महायुद्ध आलं, १९४० ला तो आर्मीत गेला, तोफखान्यात, १९४५ मध्ये मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, आणि १९५४ पर्यंत तो आर्मीतच होता. शेवटची दोन वर्षं बगदादच्या एम्बसीत असिस्टंट मिलिटरी अटॅशे, म्हणजे एम्बसीतला लष्करी अधिकारी, तिथून थेट फॉरेन सर्व्हिस. म्हणजे तिशी ओलांडल्यावर डिप्लोमॅट झालेला माणूस. तुझ्या वयाची पोरं पंचविशीत रिझल्ट नाही आला की हातपाय गाळून बसतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्यानंतरच्या पोस्टिंग्ज बघ: अंकारा, अम्मान, कैरो, खार्टूम. पॅरिस नाही, वॉशिंग्टन नाही. ब्रिटिशांच्या सर्व्हिसमध्ये अरब जगात मुरलेल्या लोकांची एक वेगळीच जात असायची, पार्सन्स त्यातला. या लोकांना लंडनमध्ये थोडं संशयानेच बघायचे, की हे तिकडचेच होऊन बसलेत म्हणून, हा प्रकार आमच्याकडेही चालतो, असो.

मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटणारा पिरियड म्हणजे बहारीन, १९६५ ते ६९. तिथे तो पोलिटिकल एजंट होता. हे पद म्हणजे राजदूत नव्हे, कारण बहारीन तेव्हा ब्रिटनच्या संरक्षणाखाली होतं, परराष्ट्र धोरण आणि संरक्षण ब्रिटिशांच्या हातात, आणि तिथल्या परदेशी लोकांवर खटले चालवायचं कोर्टसुद्धा एजंटच्या अखत्यारीत. म्हणजे अर्धा राजदूत आणि अर्धा आपल्या संस्थानांत असायचा तो रेसिडेंट. आणि ही व्यवस्था मुळात आपल्या इकडूनच गेलेली आहे, आखाताचा मुख्य रेसिडेंट इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसायचा आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. दुसऱ्या बाजीरावाला शरण आणणारा जॉन माल्कम आपल्याला माहीत असतो, तो पेशव्यांच्या भानगडीत पडायच्या आधी १८०० च्या सुमारास इराणच्या दरबारात कंपनीचा वकील म्हणून जाऊन आला होता आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. पार्सन्स बहारीनला गेला त्याच वर्षी तिथे दिनार आला, तोपर्यंत चालायचा तो आपला रुपया, म्हणजे रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेल्या वेगळ्या नोटा.

तर बहारीन. नोव्हेंबर १९६७ मध्ये लंडनहून गोरॉन्वी रॉबर्ट्स नावाचे मंत्री आले आणि आखातातल्या सगळ्या शेखांना सांगून गेले की घाबरू नका, आम्ही कुठे जात नाही. जानेवारी १९६८ मध्ये तेच गृहस्थ परत आले आणि म्हणाले की आम्ही जातोय, १९७१ च्या शेवटापर्यंत, पैसे नाहीत. दोन महिन्यांत पलटी. आता मंत्री विमानात बसून जातो, पण एजंटला तिथेच राहायचं असतं, त्याच शेखच्या मजलिसमध्ये (बैठकीत) दुसऱ्या दिवशी जाऊन कॉफी प्यायची असते आणि तोंड दाखवायचं असतं. पार्ट्या सोडून काय करतात असं तू विचारलंस ना, हे करतात. आपल्या सरकारने दिलेला शब्द मोडल्यावर समोरच्याच्या घरी जाऊन बसतात आणि तरी दार उघडं ठेवतात.

त्या माघारीतून एक गुंता झाला, इराणचा शहा म्हणायचा की बहारीन आमचंच आहे. यातून सुटका कशी झाली तर प्रकरण यूएनकडे नेलं, सेक्रेटरी जनरलने एक इटालियन अधिकारी बहारीनला पाठवला, त्याने लोकांचं मत काढलं, लोकांना स्वातंत्र्य हवंय असा रिपोर्ट दिला, मे १९७० मध्ये सिक्युरिटी कौन्सिलने त्यावर एकमताने शिक्का मारला आणि शहाने दावा सोडला, इज्जत राखून. पार्सन्स तोपर्यंत बहारीनहून न्यूयॉर्कच्या ब्रिटिश मिशनमध्ये बदलून आला होता. योग्य शब्दांचा ठराव असेल तर तेलाच्या पैशावर बसलेला शहासुद्धा मागे सरकू शकतो हे त्याने तिथे जवळून बघितलं. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

१९७४ ला तो तेहरानला राजदूत म्हणून गेला. वेळ बघ काय होती, तेलाच्या किमती नुकत्याच चौपट झालेल्या, शहाच्या हातात पैसा मावत नव्हता, आणि ब्रिटनची हालत खराब, महागाई, संप, थोड्याच दिवसांत आयएमएफपुढे हात पसरायची वेळ येणार होती. अशा वेळी राजदूताला लंडनहून काय सांगतात? माल विका. चीफ्टन रणगाडे विका, कारखाने विका, कॉन्ट्रॅक्ट आणा. पार्सन्सने एम्बसीची घडीच तशी बसवली, चांगली माणसं व्यापाराच्या कामाला लावली. आणि शहा असा की त्याच्या विरोधकांशी, मुल्लांशी परदेशी एम्बसी बोलतेय असा वास जरी आला तरी बिथरायचा. इराणी माणसाच्या मनात १९५३ पक्कं बसलेलं, त्यांचा पंतप्रधान मोसादेग याला ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून घालवलं ते, त्यामुळे तिथे पाऊस नाही पडला तरी इंग्रजांचा हात असणार असं म्हणायची पद्धत. शहाला स्वतःलाच तसं वाटायचं. बीबीसीची फारसी सर्व्हिस माझ्या विरोधात का बोलते म्हणून तो पार्सन्सकडे सारखी तक्रार करायचा आणि बीबीसी सरकारचं ऐकत नाही हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग एम्बसीने काय केलं, तर विरोधकांशी संबंध ठेवायचेच नाहीत असं ठरवलं. ऑर्डरी हातातून जायला नकोत. राजदूत शहाला वारंवार भेटायचा, तासन् तास गप्पा, विश्वास इतका की शहा त्याला घरातल्या माणसासारखं विचारायचा. आणि बाजारात, मशिदीत, धर्मगुरूंचं शहर असलेल्या कोमच्या मदरशांत काय शिजतंय त्याची खबर घ्यायला माणूसच नाही. शहाला कॅन्सर होता, १९७४ पासून फ्रेंच डॉक्टर गुपचूप येऊन बघत होते, ते सुद्धा याला माहीत नव्हतं. इतक्या जवळून!

मे १९७८ मध्ये, म्हणजे दंगली सुरू होऊन काही महिने झाले होते तेव्हा, पार्सन्सने लंडनला लिहिलं की शहा सुकाणूवर आहे तोवर ही राजवट उलथायचा गंभीर धोका मला दिसत नाही. मग उन्हाळ्यात तो रजेवर गेला. ऑगस्टमध्ये आबादानला रेक्स सिनेमा जळून शेकडो लोक मेले, ८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात सैन्याने गोळ्या घातल्या, तो परत आला तेव्हा राजवाड्यातला शहा ओळखू येईना असा खचलेला. ५ नोव्हेंबरला जमावाने ब्रिटिश एम्बसीच्या ऑफिसच्या इमारतीलाच आग लावली. दुसऱ्या दिवशी शहाने लष्करी सरकार नेमलं आणि टीव्हीवर येऊन लोकांना सांगितलं की तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला. त्या शेवटच्या महिन्यांत पार्सन्स आणि अमेरिकन राजदूत विल्यम सलिव्हन हे दोघं शहाकडे जोडीने जायचे, तो यांना विचारायचा आता काय करू, आणि हे सांगायचे की आम्ही सरकारच्या वतीने नाही, वैयक्तिक बोलतोय. राजदूताच्या आयुष्यात याहून अवघड काही नसतं. पंचवीस वर्षं त्याला माल विकत आलात, आता तो बुडतोय आणि तुमच्याकडे बघतोय. १६ जानेवारी १९७९ ला शहाने देश सोडला, पार्सन्सचीही तेहरानची मुदत त्याच महिन्यात संपली.

यावर फॉरेन ऑफिसने आतल्या आत एक चौकशी केली, निकोलस ब्राउन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मोठा रिपोर्ट लिहिला आणि तो २०१० पर्यंत बंद होता. या ब्राउनलाच पुढे १९९९ मध्ये तेहरानला राजदूत म्हणून पाठवलं, हे मला ब्रिटिश सर्व्हिसचं वैशिष्ट्य वाटतं, ज्याने चुका शोधल्या त्यालाच त्या घरात पाठवायचं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, पार्सन्सने स्वतःच पुस्तक लिहून मान्य केलं होतं की माहिती नव्हती असं नाही, तिचा अर्थ लावायला आम्ही कमी पडलो, शहाविरुद्धचे सगळे गट एकत्र येतील आणि सैन्याला पुरून उरतील ही कल्पनाच आम्हाला करता आली नाही. निवृत्त राजदूतांची पुस्तकं मी ढिगाने वाचली आहेत, बहुतेकांत लेखक सोडून बाकी सगळे चुकलेले असतात. हा प्रकार दुर्मीळ आहे.

माझं मत विचारशील तर अर्थ लावण्यापेक्षा जास्त दोष कामाच्या मांडणीचा होता. तुम्ही विकायलाच बसलात की गिऱ्हाईक दिवाळखोर आहे की नाही हे बघायची इच्छाच मरते. पार्सन्स हुशार होता, अरब जग कोळून प्यायला होता, पण त्याला दिलेलं काम वेगळं होतं आणि ते काम त्याने फार चांगलं केलं, हीच गोम आहे.

अशा माणसाला आपल्याकडे बहुतेक कुठेतरी अडगळीत टाकला असता. ब्रिटिशांनी त्याला १९७९ मध्येच यूएनमध्ये कायम प्रतिनिधी केलं.

आणि मग एप्रिल १९८२. हे मी जरा सावकाश सांगतो कारण डिप्लोमसी कशाशी खातात हे समजायला या तीन दिवसांसारखं उदाहरण नाही. अर्जेंटिनाचं आरमार फॉकलंडकडे निघालंय अशी पक्की खबर आल्यावर १ एप्रिलला पार्सन्सने सिक्युरिटी कौन्सिलची तातडीची बैठक मागितली. त्या महिन्याचं अध्यक्षपद नुकतंच झाईरेकडे आलेलं. कौन्सिलने दोन्ही देशांना संयम पाळायचं आवाहन केलं, ते अर्जेंटिनाने ऐकलं नाही, २ एप्रिलला बेटं घेतली. आता झालं काय, तर आदल्याच दिवशी सगळ्या जगासमोर कौन्सिलने सांगितलेलं धुडकावलं असं चित्र तयार झालं. हे पार्सन्सला मिळालेलं पहिलं हत्यार.

दुसरं हत्यार म्हणजे मग त्याने कौन्सिलपुढे मांडलेल्या ठरावाचा मजकूर. बेटं कोणाची यावर त्यात एक अक्षर नाही. नावसुद्धा दोन्ही लिहिली, फॉकलंड आणि कंसात माल्विनास, हे अर्जेंटिनाचं. मागण्या तीनच, लढाई थांबवा, अर्जेंटिनाने सैन्य मागे घ्यावं, आणि दोघांनी चर्चेने सोडवावं. का असं? कारण वसाहतीचा मुद्दा काढला असता तर अर्धं जग अर्जेंटिनाच्या बाजूने गेलं असतं, अलिप्त राष्ट्रांची सहानुभूती तिकडेच होती. पण जबरदस्तीने भूभाग घेणं या मुद्द्यावर लहान देश हादरतात. गयानाच्या मोठ्या भागावर व्हेनेझुएला दावा सांगतो, गयाना कसा काय अर्जेंटिनाला पाठिंबा देणार?

तिसरं म्हणजे वेग. नेहमीचा रिवाज असा की आधी कच्चा मसुदा फिरवतात, प्रत्येक जण एकेक शब्द कापतो, दोन आठवडे जातात आणि शेवटी पाणचट काहीतरी उरतं. पार्सन्सने तो टप्पाच उडवला, अंतिम मसुदा थेट टेबलावर ठेवला आणि २४ तासांत मतदान मागितलं. अर्जेंटिनाचे परराष्ट्र मंत्री कोस्टा मेंडेझ न्यूयॉर्कला पोचेपर्यंत थांबा अशी मागणी आली ती त्याने मानली, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत, त्याहून जास्त नाही.

आता गणित. पंधरा सदस्य, नऊ मतं हवीत आणि नकाराधिकार कोणी वापरायला नको. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान, आयर्लंड, गयाना धर, सहा झाले. मग टोगो, झाईरे, युगांडा, जॉर्डन. यातलं एक गळलं तर काठावर, दोन गळले तर खेळ खलास. (भारत तेव्हा कौन्सिलवर नव्हता, नाहीतर आमच्या लोकांची पंचाईतच झाली असती.) जॉर्डनच्या राजदूताला अम्मानहून आदेश आला की तटस्थ राहा. पार्सन्सने लंडनला कळवलं की पंतप्रधानांनी स्वतः राजे हुसेन यांना फोन करावा, थॅचरबाईंनी केला, हुसेननी होकार दिला. बघ, राजदूताचं काम हे आहे, नेमक्या कोणत्या एका माणसाला नेमक्या कोणत्या तासाला फोन गेला पाहिजे हे माहीत असणं.

३ एप्रिल, शनिवार. पनामाचे परराष्ट्र मंत्री इयुएका यांनी मुद्दा काढला की ब्रिटन स्वतः वादातला पक्ष आहे, यूएनच्या चार्टरप्रमाणे (म्हणजे घटनेप्रमाणे) त्याला मत देता येत नाही. मुद्दा तसा बिनतोड वाटतो. पण पार्सन्सची तयारी होती, त्याने सांगितलं की ते बंधन सहाव्या प्रकरणाखालच्या, म्हणजे वाद शांततेने मिटवायच्या ठरावांना आहे, हा ठराव सातव्या प्रकरणाच्या, म्हणजे शांतता मोडल्यावर करायच्या कारवाईच्या, कलम ४० खाली मांडलाय. संपला विषय. मग घोड्याच्या नालासारख्या त्या टेबलाभोवती हात वर झाले, दहा बाजूने, विरोधात एकटा पनामा, आणि चीन, स्पेन, पोलंड, सोव्हिएत युनियन तटस्थ. सोव्हिएत नकाराधिकारावर अर्जेंटिनाची भिस्त होती, रशिया त्यांच्याकडून भरपूर धान्य घेत होता, पण तो वापरला गेला नाही. तो ठराव क्रमांक ५०२. दोन दिवसांनी ब्रिटिश नौदल निघालं आणि त्याच दिवशी परराष्ट्र मंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी आक्रमण ओळखता आलं नाही म्हणून राजीनामा दिला, पण बाहेरच्या जगात ब्रिटनच्या हातात कायदेशीर कागद होता.

आणि हा माणूस तिथेच हुरळला नाही हे विशेष. हा पाठिंबा टिकणार नाही, लढाई जसजशी वाढेल तसा तो झिजत जाईल, हे तो लंडनला सांगत राहिला. झालंही तसंच. अर्जेंटिनाची युद्धनौका बेलग्रानो बुडाली, ब्रिटनची शेफील्ड जळाली, सेक्रेटरी जनरल पेरेझ दे क्वेयार समझोत्यासाठी धावपळ करत होते. १६ मे ला पार्सन्स आणि वॉशिंग्टनचे राजदूत निकोलस हेंडरसन यांना चेकर्सला, म्हणजे पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्यावर, बोलावून थॅचरबाईंबरोबर शेवटचा प्रस्ताव ओळ न ओळ लिहिला गेला. बाई समोरच्याला बोलू देत नसत, आणि पार्सन्स हा त्या थोड्या लोकांपैकी जो त्यांना थांबवून आपलं वाक्य पूर्ण करायचा. अर्जेंटिनाने तो प्रस्ताव नाकारला, २१ मे ला ब्रिटिश सैन्य उतरलं. ४ जूनला युद्धबंदीचा ठराव आला तेव्हा पार्सन्सला नकाराधिकार वापरावा लागला. त्या दिवशीची गंमत म्हणजे अमेरिकेनेही विरोधात मत दिलं आणि लगेच त्यांच्या राजदूत कर्कपॅट्रिक म्हणाल्या की आता परत मत देता आलं असतं तर तटस्थ राहिले असते, वरून आदेश उशिरा पोचला होता. सुपरपॉवरचंही असं होतं.

पुढचं थोडक्यात. यूएनमधून तो निवृत्त झाला तर थॅचरबाईंनी त्याला लगेच १० डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयात, स्वतःचा परराष्ट्र सल्लागार म्हणून घेतलं, फॉरेन ऑफिसवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता पण याच्यावर होता. वर्षभर ते केलं, मग एक्सेटर विद्यापीठात शिकवलं, लिहिलं, १९९६ मध्ये गेला.

आता तुझा शेवटचा प्रश्न, की असं व्हायला ऑक्सफर्ड लागतं का. त्याच्या काळात बऱ्यापैकी लागायचं, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे लागत नाही, जनरल कॅटेगरीला ३२ व्या वर्षापर्यंत परीक्षा देता येते आणि पार्सन्स साधारण त्याच वयात सर्व्हिसमध्ये आला होता. आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, मिळालं तर एक परदेशी भाषा घ्यावी लागते, तिथे सगळे फ्रेंच, मंदारिनच्या मागे धावतात. तुला चॉईस मिळाला तर अरेबिक घे. आणि पहिल्या पोस्टिंगमध्ये आठवड्यातली एक संध्याकाळ अशा माणसाबरोबर घालव ज्याचा तिथल्या सरकारशी काही संबंध नाही, दुकानदार, मास्तर, इमाम, कोणीही. त्याचा रिपोर्ट कोणी मागणार नाही, तरी लिहून फाइलला लाव.